फर्मनेसचं पान

५ जून

धाकटीस,

मायना मुद्दाम गाळला आहे. ‘प्रिय’ लिहिलं तर खोटं ठरेल, आणि ‘अप्रिय’ लिहायची पद्धत नाही.

कामाचं तेवढं लिहिते. आपल्या इंग्रजी-मराठी कोशाची नवी आवृत्ती निघते आहे. प्रकाशकांना इतक्या वर्षांनी जाग आली ती कुठल्याशा शाळेतल्या बाईंमुळे. त्यांनी कळवलं की ‘फर्मनेस’ या इंग्रजी शब्दाखाली आपण दिलेले प्रतिशब्द मुलं मोठ्याने वाचतात आणि हसत सुटतात. दृढता, स्थैर्य, निश्चलता. झालं, संपलं. मुलं हसतात ते बरोबरच आहे. घरात असं कोण बोलतं? ‘आई, या स्टुलात निश्चलता नाही गं’?

ते पान तसं का राहिलं हे तुला ठाऊक आहे. बाकी सगळ्या कोशात एकेका प्रतिशब्दामागे ऐकलेलं वाक्य उभं आहे. कोणाच्या तरी तोंडून खरोखर निघालेलं, कार्डावर उतरवलेलं, आणि खाली बोलणाऱ्याचा धंदा. मनाने रचलेलं वाक्य घ्यायचं नाही हा नियम तुझाच होता. तू बाहेर हिंडून वाक्यं आणायचीस, या टेबलाशी बसून मोठ्याने वाचायचीस, मी डोळे मिटून ऐकायची. जरा खोटं वाटलं की कार्ड टोपलीत. फर्मनेसच्या वेळी तू गाद्यांच्या दुकानात गेलीस. मऊ काय आणि कडक काय यावर दिवसभर बोलणारी माणसं तिथे भेटतील म्हणालीस. एकदा गेलीस, पुन्हा गेलीस, मग जातच राहिलीस. वाक्य एकही आलं नाही. गादीवाले आले.

लग्नाला मी आले नाही. त्यावर बोलायचं नाही, तू नाही आणि मीही नाही. एवढंच सांगते की पुढे ‘जी’पासून ‘झेड’पर्यंत कोश मी एकटीने ओढला. भाजीच्या रांगेत कान टवकारून उभी राहायची मी. लोक पिशव्या छातीशी धरायचे. एका माणसाने तर मला विचारलं, ‘बाई, तुम्हाला काही हवंय का?’ ते वाक्य मी ‘वॉन्ट’खाली घातलं.

तर आता तू हा शब्द घरातच नांदवते आहेस म्हटल्यावर दिवसभर कानावर पडत असेल. घट्ट, कडक, टणक, भक्कम, ठाम, खंबीर, जे कानावर येईल त्याची वाक्यं पाठव. कार्डावर एकच वाक्य. खाली धंदा. अट एकच आहे. हालहवाल, तब्येत, घरातलं रडगाणं, जुनं काही, यातलं एक अक्षर लिहायचं नाही. लिहिलंस तर मी वाचणार नाही, तसंच परत पाठवीन. फोनही करू नकोस, फोनवर आपण भांडतो. पान झालं की तू मोकळी, मी मोकळी.

— थोरली

२० जून

धाकटीस,

दोन कार्डं मिळाली.

पहिलं: ‘गादी कडक हवी, टणक नको.’ खाली तू लिहिलंस, ‘आमचे हे’. ‘आमचे हे’ हा धंदा कधीपासून झाला? नियम विसरलीस का? मी खोडून ‘गादीवाले’ केलं आहे.

वाक्याला नावं ठेवायला जागा नाही, आणि मी पुष्कळ शोधली. कडक आणि टणक यातला फरक सांगायला मी अर्धं पान खर्च केलं असतं आणि तरी मुलांना कळला नसता. इथे कोणालाही कळतं की कडकवर पाठ टेकता येते आणि टणकवर मार लागतो. दुकानात हे वाक्य ते रोज म्हणत असतील तर तेव्हाच कार्डावर का आलं नाही, असा एक प्रश्न मला पडला. उत्तर नको आहे.

दुसरं: ‘शिवण घट्ट आहे, ओढून बघा.’ — गादीवाले. हेही घेतलं. ‘ओढून बघा’मुळे जिवंत झालं.

परीक्षेची मात्र पंचाईत आहे. तू वाचायची आणि मी ऐकायची, ही घडी मोडल्यापासून मी समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंना बसवते. वाचते मी आणि ऐकतात त्या. मटार सोलत ऐकतात. कोणतंही वाक्य वाचा, म्हणतात, ‘छान आहे.’ परवा मी मुद्दाम ‘माझ्या मनाची निश्चलता ढळली’ असं वाचून पाहिलं. म्हणाल्या, ‘छान आहे.’ आता अशा कानांचं काय लोणचं घालू? पण दुसरं कोणी बसत नाही. प्रकाशकांना म्हटलं एखादी मदतनीस द्या, तर ते म्हणाले, ‘बाई, एका शब्दासाठी?’ एका शब्दासाठी माझी अख्खी मदतनीस गेली, हे मी त्यांना सांगितलं नाही.

भक्कम, ठाम आणि खंबीर यांच्यावर अजून काही नाही. लवकर पाठव.

— थोरली

११ जुलै

धाकटीस,

तुझं काम दिवसेंदिवस ढिलं होत चाललं आहे.

या वेळच्या दोन्ही कार्डांवर धंदा नाही. एकावर लिहिलंस, ‘पोट कडक लागतंय, कधीपासून दुखतंय?’ हे कोण बोललं? डॉक्टर असणार, पण मी ‘असणार’वर कोश चालवत नाही. शिवाय हे वैद्यकीय झालं. शाळेतल्या मुलांना पोटाची भाषा कशाला? कोणाचं पोट, का दुखतं, हे कोशाला नको असतं. टोपलीत टाकलं.

दुसरं: ‘खाट भक्कम आहे, पण यांना वर सरकवायला दोघं लागतील.’ पुन्हा धंदा नाही. आणि ‘यांना’ म्हणजे कोणाला? वाचणाऱ्याला मागचं-पुढचं माहीत नसताना ‘यांना’ येऊन चालत नाही, हे तूच एकेकाळी मला शिकवायचीस. मी मागचा भाग कापला. ‘खाट भक्कम आहे.’ एवढंच ठेवलं आहे. जरा कोरडं झालं, पण नीटनेटकं आहे. समोरच्या बाई म्हणाल्या, ‘छान आहे.’

अक्षरही बिघडलं आहे. गुडघ्यावर कार्ड ठेवून लिहिल्यासारखं. टेबल नाही का तुमच्याकडे?

मला कळत नाही, इतकं साधं काम तुला जड का जातं. दुकानात बसायचं, गिऱ्हाईक बोललं की लिहायचं. मी उन्हातान्हात रांगा धरल्या. माझी पाठ त्या दिवसांपासून जी धरली आहे ती धरलीच आहे. पण ते असो, हालहवाल लिहायची नाही ही अट मलाही लागू आहे.

— थोरली

२ ऑगस्ट

धाकटीस,

तीन आठवडे झाले, कार्ड नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. प्रकाशक रोज फोन करतात. एफचं अख्खं प्रकरण जुळून तयार आहे आणि तुझ्या एका पानापायी घोडं अडलं आहे. ‘बाई, तीच जुनी दृढता राहू द्या ना,’ असं म्हणाले. मी म्हटलं, ‘मुलं हसतात.’ म्हणाले, ‘मुलांना हसू द्या.’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तुझ्यावर भरवसा ठेवून मी त्यांना महिनाअखेरचा शब्द दिला आहे. कोणाच्या भरवशावर? तर तुझ्या!

दुकानात गर्दी असेल. असो बापडी. लोक गाद्या शिवून घेत असतील आणि तुम्ही दोघं मोजमापं घेत असाल, मला काय त्याचं? पण एक कार्ड लिहायला कितीसा वेळ लागतो?

काल समोरच्या बाई म्हणाल्या, ‘अहो, फोन करून बघा ना बहिणीला. इतके दिवस काही नाही म्हणजे...’ मी त्यांना मधेच थांबवलं. आमचं कामापुरतं चालतं म्हटलं. तुझ्या खुर्चीवर बसू का, असं विचारत होत्या. तुझी खुर्ची रिकामी नाही. तिच्यावर एम ते पी कार्डांचे गठ्ठे ठेवलेले आहेत. त्यांना मी स्टूल दिलं.

‘ठाम’साठी तुझ्या वाक्याची गरज नाही. माझ्याकडे एक आहे. ‘मी जाते आहे, ताई, आणि हे माझं ठाम आहे.’ धंदा: कोशकार. याच खोलीत ऐकलेलं आहे, तू दाराच्या कडीवर हात ठेवून म्हणालेलं, त्यामुळे खरेपणाची शंका नाही. पण नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून पाहावं लागेल आणि ते मला समोरच्या बाईंपुढे जमत नाही. त्या ‘छान आहे’ म्हणतील आणि मग मी त्यांच्या मटारासकट त्यांना बाहेर काढीन.

तेव्हा खंबीर तरी पाठव. निदान एवढं एक धडपणे कर.

— थोरली

२१ ऑगस्ट

धाकटीस,

शेवटी आलं एकदाचं पाकीट. तीन कार्डं, आणि तिन्हीवर धंदा नाही. किती वेळा सांगायचं गं? हात टेकले मी तुझ्यापुढे.

पहिलं: ‘खंबीर राहा, वहिनी.’ शब्द योग्य जागी पडला आहे, पण ‘वहिनी’ कशाला? कोणाची वहिनी, हा प्रश्न उगाच उभा राहतो. गाळते. आणि हे गाद्यांच्या दुकानात कोण कोणाला म्हणालं? हे तर लोक कोणाच्या घरी काही वाईट झालं की म्हणतात. असलं वाक्य उचलून आणायला तू कोणाकडे भेटायला गेली होतीस का? गेली असशील तर तसं लिही, म्हणजे खाली ‘शेजारी’ किंवा ‘आप्त’ तरी घालता येईल.

दुसरं: ‘सगळे म्हणतात मी खंबीर आहे, म्हणून कोणी थांबत नाही.’ लांबलं आहे. आणि शेवटाला रडका सूर लागला आहे. मुलांच्या कोशात रडका सूर नको. ‘सगळे म्हणतात मी खंबीर आहे’ इथे पूर्णविराम दिला की झकास. कोणाच्या तोंडून ऐकलंस? का रचलंस? रचलं असशील तर तुझ्याच नियमाने ते टोपलीत जायला हवं.

तिसरं तर कार्डाच्या मागच्या बाजूपर्यंत गेलं आहे: ‘गादी उसवून, कापूस पिंजून घट्ट करून देतो म्हणाला, मी नको म्हटलं, एका बाजूला दबली आहे तशीच राहू दे.’ यातून मी ‘कापूस पिंजून घट्ट करून देतो’ एवढं उचललं. पुढचं सगळं पाल्हाळ. आणि माणसाला हसू येईल असं आहे हे. घर गाद्यांच्या दुकानदाराचं आणि घरातली गादी दबलेली! कारागीर आपण होऊन करून देतो म्हणतो आणि बाईसाहेबांना नको! गादीवाल्यांना सांग म्हणावं, आधी घरचं बघा. त्यांना तरी अशा गादीवर झोप कशी लागते?

उद्या दुपारी समोरच्या बाईंना बसवून सगळं पान एकदा वाचते. नियमाप्रमाणे वाक्य आधी कार्डावर आहे तसं पुरं वाचायचं, कात्री नंतर. सोमवारी छापखान्यात देते आणि सुटते. तूही सुटलीस.

— थोरली

२२ ऑगस्ट

प्रिय चिमे,

कुठून सुरुवात करू ते कळत नाही, म्हणून झालं तसं लिहिते.

दुपारी समोरच्या बाई आल्या. मांडीवर ताट, ताटात मटार. मी वाचायला लागले. गादी कडक हवी, टणक नको. ‘छान आहे.’ शिवण घट्ट आहे, ओढून बघा. ‘छान आहे.’ मग खाटेचं. ते वाचताना मला मागे कापलेला तुकडा कार्डावर दिसला, तोही वाचला, नियम म्हणून. त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं डुलकी लागली. मग ‘खंबीर राहा, वहिनी.’ मग ‘सगळे म्हणतात मी खंबीर आहे, म्हणून कोणी थांबत नाही.’ मग गादीचं, मागच्या बाजूपर्यंत.

वाचून होईतो त्यांचे हात थांबले होते. डोळे उघडून माझ्याकडे बघत होत्या.

‘कोण गेलं हो?’ म्हणाल्या.

मी चिडले. म्हटलं, ‘अहो, हे कोशासाठी आहे. उदाहरणं आहेत ही.’

‘ते असू दे,’ म्हणाल्या. ‘पण कोण गेलं?’

चिमे, मी टोपली उपडी केली. त्यातून ते पोटाचं कार्ड काढलं आणि सगळी ओळीने लावली, आली तशी. पोट. खाट. मग ते तीन आठवडे, जेव्हा मी तुला दुकानातल्या गर्दीवरून टोमणे मारत बसले होते. मग वहिनी. ‘यांना’ कोण म्हणून मी तुला विचारलं होतं. कापलं होतं मी ते. काल तर मी विचारलं, त्यांना झोप कशी लागते. ते पत्र काल सकाळीच टपालात पडलं. तुझ्या हाती पडायच्या आधी मी पोचावं एवढीच इच्छा आहे. आणि ते आधीच आलं असेल तर न फोडता फाडून टाक. वाचू नकोस. मोठी बहीण म्हणून सांगते आहे, एवढं ऐक.

तुमच्या दुकानाचा नंबर माझ्याकडे होता. कधीपासून होता ते विचारू नकोस. लावला. कोणा कारागिराने उचलला. मी म्हटलं, मालक आहेत का? तो म्हणाला, ‘मालक गेले, ताई. बाई वर आहेत. बोलावू?’ मी म्हटलं, ‘नको. मी येते.’ आणि ठेवला. त्याने मला ताई का म्हटलं कोण जाणे, सगळ्यांनाच म्हणत असेल.

आता माझा राग ऐक, कारण तो आहे आणि तो मी गिळणार नाही. दोन ओळी सरळ लिहायला काय झालं होतं तुला? ‘ताई, हे आजारी आहेत.’ ‘ताई, हे गेले.’ मी पत्र परत पाठवीन म्हटलं होतं, ठीक आहे, म्हटलं होतं. म्हणून तू ते पाळायचं? आयुष्यात माझं एक म्हणून ऐकलं नाहीस. रात्री दिवा मालव म्हटलं तर मालवला नाहीस, लग्न करू नकोस म्हटलं तर केलंस, आणि नेमकी हीच एक अट मेली अक्षराअक्षराने पाळलीस! दवाखान्यातल्या बाकावर गुडघ्यावर कार्ड ठेवून तू मला वाक्यं लिहीत होतीस आणि मी इथे विचारत होते, टेबल नाही का. अट कोणी घातली होती ते मला माहीत आहे. ते मला तोंडाने म्हणायला लावू नकोस. आज तरी नको.

समोरच्या बाईंनी चहा करून दिला. मी एम ते पी जमिनीवर ठेवले आणि त्यांना तुझ्या खुर्चीवर बसवलं. मटार सांडले होते ते आम्ही दोघींनी वेचले. जाताना म्हणाल्या, ‘तुम्ही तिला खंबीर राहा म्हणू नका हां.’ मी म्हटलं, नाही म्हणणार.

प्रकाशकांना फोन केला. पान सोमवारी मिळणार नाही म्हटलं. ते म्हणाले यंत्र थांबलंय. म्हटलं, थांबू दे. ते म्हणाले, पण बाई. मी म्हटलं, पण नाही आणि परंतु नाही. तुझी कार्डं त्यांना मिळायची नाहीत. पोटाचं नाही, खाटेचं नाही, शेवटची तिन्ही नाहीत. ती मला आलेली पत्रं आहेत, कोशाची नव्हेत, आणि त्यातलं एक अक्षर आता कोणी कापायचं नाही. मी कापलेलं परत जोडून ठेवलं आहे.

कोशात दोन जातील. शिवणीचं आणि ‘गादी कडक हवी, टणक नको’ हे. खाली धंदा, गादीवाले. नव्या आवृत्तीतलं सगळ्यात चांगलं वाक्य ते आहे. मला ते कार्ड हातात पडलं त्याच दिवशी कळलं होतं आणि मी तुला लिहिलं की नावं ठेवायला जागा शोधली. त्यांना एवढं तरी कोणी सांगायला हवं होतं की तुमचं वाक्य पास झालं. तू सांगितलं असशील. सांगितलं होतंस ना? माझ्या नावाने सांगितलं असशील तरी चालेल. खोटं असलं तरी चालेल.

उद्या सकाळच्या गाडीने निघते. हे पत्र टपालात टाकत नाही, बरोबर घेऊन येते. दारात उभी राहिल्यावर माझ्या तोंडून एक शब्द फुटेल याची मला खात्री नाही. तेव्हा मी ते तुझ्या हातात देईन. मनातल्या मनात वाच. मोठ्याने नको, माझे डोळे मिटायचे नाहीत.

आणि तो कारागीर पुन्हा गादी पिंजायला वर आला तर मी त्याला बघून घेईन. कोणी हात लावायचा नाही तिला. ज्या बाजूला दबली आहे तिथे तशीच राहील. तू तुझ्या बाजूला नीज. मला खाली एक सतरंजी टाकून दे, माझ्या पाठीला नाहीतरी कडकच लागतं.

— ताई